दावं

आशाताईंचं रजिस्टर मागून उघडलं
की माझ्या शेळ्या सुरू होतात.
पुढून: नववा महिना, लोहाच्या गोळ्या, वजन भरलं नाही.
मागून: भोंगी, पाचवा महिना, डाव्या सडाला गाठ.
डॉक्टरमॅडमनी एकदा चुकून मागून उघडलं,
बराच वेळ वाचलं,
मग काळजीनं विचारलं,
"ही भोंगी कोणत्या वस्तीवरची?"

उदगीरपासून अकरा किलोमीटर, तिथून पायवाट.
पत्र्याखाली चार शेळ्या, एक देवणी कालवड,
डालग्याखाली अकरा कोंबड्या.
परवा बारा होत्या.
मुंगसानं मान तेवढी नेली, बाकी आम्हाला ठेवली,
आणि मी शिव्या देत देत
रस्सा केला. तिखट जरा जास्तच पडलं.

मालक लातूरला डाळमिलमध्ये.
महिन्यातून एकदा येतात, अंगभर तुरीचा भुसा,
कालवड त्यांनाच आधी चाटते.

मागच्या मार्गशीर्षात भोंगी अडली.
खूर दिसला, एकच.
डॉक्टर फोन उचलेना.
बायांचं बाळंतपण घरी करायचं नाही, असा नियम,
गाडी बोलवायची, सोबत जायचं, सही करायची.
इथं कोणती गाडी?
बांगड्या काढून पोरीच्या हातात दिल्या,
कोपरापर्यंत गोडेतेल लावलं
आणि त्या ऊबदार अंधारात बोटांनी विचारत गेले:
हा पाय कुणाचा,
हे डोकं कुणाचं.
पहिलं मेलेलंच आलं.
दुसऱ्याच्या नाकात मी फुंकर मारली,
शिवकांतानं गोणपाटानं घासलं,
तेव्हा ते शिंकलं. आमच्या दोघींच्या तोंडावर.

भोंगीनं त्याला हुंगलं आणि शिंग उगारलं.
मग काय, तिचा पाय खुंट्याला बांधून
रोज चार वेळा चोरून दूध,
आधी चीक, मग बाटली, मग बाभळीच्या शेंगा.
पोरीनं नाव ठेवलं तलाठी,
कारण कधी जागेवर सापडायचा नाही.
चुलीवर, पाण्याच्या टाकीवर, शेजारच्या गंगूबाईच्या वाळवणात.
पोलिओच्या बॅनरची कड खाल्ली,
पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा शिक्का खाल्ला
(तो मिळायला खऱ्या तलाठ्याकडं तीन खेपा).
मारायला उठावं
तर येऊन गुडघ्याला कपाळ लावायचा.

वर्षाच्या आत भरला.
नर्सिंगच्या फीची तारीख कागदावर होती,
शिवकांता काही बोलली नाही,
तिनंच त्याला धुतलं, शिंगांना तेल लावलं.

हाळीचा बाजार.
तिथं भाव रुमालाखाली होतो, बोटं दाबून,
पण बाईमाणसाची बोटं कशी धरायची
म्हणून खाजामियाँनी आकडा तोंडानं सांगितला.
तो पलीकडच्या गिऱ्हाइकानं ऐकला
आणि वर पाचशे चढवले.
खाजामियाँ हसले, सहाशे म्हणाले,
"ताई, रुमाल नसला की आमचं नुकसानच."
पैसे दोनदा मोजले.
दोन्ही वेळा वेगळे भरले.

जनावर द्यावं, दावं देऊ नये.
त्यांनीच सोडून माझ्या हातात ठेवलं,
स्वतःची सुतळी त्याच्या गळ्यात घातली.
तलाठी गेला. पहिल्यांदाच कुणी नेलं तिकडं गेला,
मुकाट.

काळीपिवळीत मांडीवर दावं.
शेजारची बाई सरकून बसली, वास येत होता.
मला बरं वाटलं, वास होता म्हणून.

रात्री ओरडली ती भोंगी.
जिनं त्याला एकदाही मनानं पाजलं नाही ती.
दोनदा उठून शेवरी टाकली. तोंड लावलं नाही.
"आता गं," म्हटलं, "आता काय?"
आणि तिथंच पोत्यावर बसून राहिले.

दावं खुंटीला आहे.
गाठ सोडली नाही अजून,
ती त्याच्या मानेच्या मापाची आहे.

सकाळी लेंड्या झाडल्या, चार जागच्या.
खराटा पाचव्या जागेवर पण फिरला.